झाडाचं चित्र आणि बल्लारपूरचा बांबू

प्रल्हाद आणि हॅमेल यांचा लेख एमबीए केलेल्या प्रत्येकाने वाचलेला असतो. निदान वाचला आहे असं सांगितलेलं तरी असतं. १९९० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये आलेला हा लेख, आणि त्यातला 'कोअर कॉम्पिटन्स' हा शब्द, आता इतका गुळगुळीत झालाय की नगरपालिकेच्या अहवालातही सापडतो. मी त्याला इथे 'गाभा-क्षमता' म्हणेन. माझ्या प्रबंधाचा विषय 'एकाच तांत्रिक क्षमतेवर कंपन्या वेगवेगळी उत्पादनं कशी उभी करतात' हा असल्यामुळे हा लेख मला टाळता येत नाही. पण गेली काही वर्षं तो मी चंद्रपूर-गडचिरोलीचे कारखाने डोळ्यासमोर ठेवून वाचतो आहे, आणि तसा वाचला की त्याला बऱ्याच ठिकाणी भेगा दिसतात. आज त्या भेगांबद्दल.

आधी लेख काय म्हणतो ते थोडक्यात, म्हणजे ज्यांनी वाचलेला नाही त्यांची अडचण नको. मोठी कंपनी म्हणजे एक झाड, असं ते सांगतात. पानं-फुलं-फळं म्हणजे आपल्याला दुकानात दिसणारा माल. फांद्या म्हणजे कंपनीचे वेगवेगळे विभाग. खोड म्हणजे मूळ उत्पादन, उदाहरणार्थ होंडाचं इंजिन. आणि जमिनीखालची मुळं म्हणजे गाभा-क्षमता, म्हणजे कंपनीने सगळ्यांनी मिळून शिकलेली गोष्ट. होंडाला इंजिन कळतं, म्हणून ती मोटरसायकल करते, कार करते, गवत कापायचं यंत्रही करते. कॅननला भिंगं आणि प्रतिमा कळते, म्हणून कॅमेरा आणि कॉपी मशीन. प्रतिस्पर्धी फक्त पानं बघतो आणि फसतो.

ही क्षमता ओळखायची कशी? त्यांनी तीन कसोट्या दिल्या आहेत. तिच्यामुळे अनेक बाजारांत शिरता आलं पाहिजे. ग्राहकाला जो फायदा जाणवतो त्यात तिचा मोठा वाटा पाहिजे. आणि इतरांना तिची नक्कल करणं अवघड पाहिजे.

आता बल्लारपूरला चला. बल्लारशाह स्टेशनवर उतरलेल्या कोणालाही पेपर मिल नाकानेच कळायची. उकडलेल्या कोबीसारखा, गंधकाचा तो वास. ही मिल करमचंद थापर यांच्या समूहाची. १९४५ मध्ये कंपनी नोंदली गेली तेव्हा नाव होतं बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स. १९७५ मध्ये ते बल्लारपूर इंडस्ट्रीज झालं. 'पेपर' जाऊन 'इंडस्ट्रीज' आलं, यातच विविधीकरणाची इच्छा दिसते. त्या काळात नावातून धंदा पुसून टाकायची पद्धतच होती म्हणा.

या कंपनीचं झाड काढून बघू. मुळाशी काय? बांबू शिजवायची कला. ही खरोखर कला आहे, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा भाग कधी येत नाही.

आपल्या जंगलातला मानवेल बांबू कागदाला चांगला, कारण त्याचा तंतू लांब. दोन-तीन मिलिमीटर. निलगिरीचा जेमतेम एक. तंतू लांब असला की कागद सहज फाटत नाही. पण बांबू हे गवत आहे, आणि गवतात सिलिका भरपूर असते. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात बांबूच्या चिपा शिजवल्या की लिग्निन सुटतं, तंतू मोकळे होतात, आणि सिलिकाही विरघळून काळ्या द्रावणात उतरते. हे काळं द्रावण फेकायचं नसतं. ते आटवून भट्टीत जाळायचं, वाफ मिळवायची, रसायनं परत मिळवायची. या रिकव्हरीवरच मिलचा हिशेब उभा असतो. सिलिका नेमकी इथे छळते. द्रावण घट्ट होतं, आटवायच्या नळ्यांत दगडासारखा थर बसतो, पुढे चुन्याच्या गाळात ती जाऊन बसते आणि तो चुना पुन्हा भाजून वापरणं कठीण होतं. स्कँडिनेव्हियाच्या पाइनवर बेतलेलं पाठ्यपुस्तक इथे कमी पडतं. नळ्या कधी साफ करायच्या, द्रावण किती घट्ट होऊ द्यायचं, कोणत्या लॉटमध्ये जून बांबू जास्त आहे, हे तिथल्या माणसांनी करून करून शिकायचं असतं.

प्रल्हाद-हॅमेल यांच्या व्याख्येत बसणारी ही अस्सल क्षमता आहे. सामूहिक, हळूहळू साचलेली, नक्कल करायला अवघड.

मग फांद्या? एक फांदी अशी: गोदावरीपलीकडे, आजच्या तेलंगणात, मंगपेटजवळच्या कमलापुरमला रेयॉनचा लगदा करणारा कारखाना. विस्कोस कापडाचा धागा ज्या लगद्यापासून होतो तो हा. कागदाचा लगदा आणि रेयॉनचा लगदा म्हणजे तेच डायजेस्टर, तीच धुलाई, तीच रिकव्हरी. पुस्तकातलं उदाहरण वाटतं ना? एका मुळावर दोन फळं.

जरा खोलात गेलं की चित्र बदलतं. लाकडात सेल्युलोजबरोबर हेमिसेल्युलोज असतं. कागदवाल्याला ते हवं असतं, कारण त्याने तंतू एकमेकांना घट्ट धरतात. रेयॉनवाल्याला ते अजिबात नको असतं, कारण ते धाग्याची प्रत बिघडवतं. म्हणून रेयॉनसाठी चिपा मुख्य शिजवणीच्या आधी एकदा वाफेने किंवा आम्लाने शिजवून हेमिसेल्युलोज काढून टाकतात. म्हणजे यंत्र तेच, पण डायजेस्टरवरच्या माणसाचा निर्णय उलटा. जे एकाने वाचवायचं ते दुसऱ्याने घालवायचं. वीस वर्षं कागदाचा लगदा शिजवलेल्या माणसाचा हात रेयॉनच्या लगद्यावर चालेलच असं नाही. 'सामायिक क्षमता' हा शब्द आपण यंत्रांची यादी बघून वापरतो, आणि फरक माणसाच्या निर्णयात असतो. लेखात या फरकाला जागाच नाही. मुळं तीच, एवढंच चित्रात दिसतं. कमलापुरमचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं.

दुसरी फांदी कारवारची. तिथे बिणग्याला याच कंपनीने कॉस्टिक सोड्याचा कारखाना चालवला. कागदाला सोडा लागतो, ब्लीचिंगला क्लोरीन लागतो, आणि मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की दोन्ही एकदम मिळतात. बघायला गेलं तर 'संबंधित' विविधीकरण. पण बांबू शिजवणं आणि मिठाच्या पाण्याचं विद्युत-विघटन यांत ज्ञानाचं नातं काय? जवळजवळ काही नाही. नातं आहे ते गरजेचं. एका कारखान्याला जे विकत घ्यावं लागतं ते दुसरा बनवतो. आंबेवाल्याने खोक्यांचा कारखाना काढला तर त्याला सुतारकाम येतं असं आपण म्हणत नाही.

तिसरी, भिगवण. पुणे जिल्ह्यातली ही कोटेड कागदाची मिल सिनार मास या इंडोनेशियाच्या समूहाने उभारली होती, २००१ मध्ये बल्लारपूरने ती विकत घेतली. माती, कॅल्शियम कार्बोनेट आणि लॅटेक्स यांचा लेप कागदावर समान बसवायचा, ही वेगळीच विद्या, आणि ती आयती आली. चौथी, २००७ मधली सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज, मलेशियातली, सुमारे २६ कोटी डॉलरना घेतलेली. त्याआधीच्या वर्षांत कंपनीने कागदाबाहेरचे बरेच धंदे दूर केले होते. म्हणजे १९९० नंतर भारतातल्या कंपन्यांना जो उपदेश झाला, 'गाभ्यावर लक्ष द्या, बाकी सोडा', तो बल्लारपूरने बऱ्यापैकी ऐकला होता. जानेवारी २०२० मध्ये कंपनीवर मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

थांबा, मी असं म्हणत नाही की एका लेखामुळे कंपनी बुडाली. कर्जाचा डोंगर होता, इतरही कारणं होती, आणि हार्वर्डच्या मासिकावर खापर फोडणं बालिश ठरेल. माझा मुद्दा लहान आहे. हा सिद्धांत घेऊन तुम्ही बल्लारपूरकडे बघितलंत तर तुम्हाला काय दिसेल? एका मुळाचं सुंदर झाड. आणि ते चित्र कुठे चुकतंय हे तुम्हाला कळणार नाही.

सगळ्यात मोठी चूक मुळाशीच आहे. परत त्या तीन कसोट्या घ्या. पण या वेळी क्षमतेच्या जागी बांबूचं कंत्राट ठेवा, सरकारने मिलला दिलेला दीर्घ मुदतीचा बांबू कापायचा हक्क. अनेक बाजारांत शिरता येतं का? येतं, कागद करा, रेयॉनचा लगदा करा. ग्राहकाच्या फायद्यात वाटा आहे का? आहे, कच्चा माल स्वस्त म्हणून कागद स्वस्त. नक्कल करणं अवघड आहे का? अशक्यच आहे, कारण जंगल सरकारचं आणि सही एकदाच होते. कंत्राट तिन्ही परीक्षा पास! लेखक म्हणतील, आम्ही क्षमता म्हणजे शिकलेली गोष्ट म्हणालो होतो, परवाना नव्हे. बरोबर. पण मग कसोट्यांनी तो फरक पकडायला हवा होता. होंडाच्या बाबतीत फरक पकडायची गरज पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. गडचिरोलीत पडते.

आणि हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही. माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास करताना हेच दाखवलं होतं: मिलला सरकारी दर बाजारभावाच्या कितीतरी खाली, आणि टोपल्या विणणाऱ्याला बाजारभाव. बांबू जवळजवळ फुकट मिळत असेल तर तो जपून वापरायची क्षमता कंपनीत तयार तरी कशाला होईल?

'मग आकडेवारीवाले संशोधक काय करतात?' असं तुम्ही विचाराल. ते पेटंट मोजतात. ग्रॅन्स्ट्रँड, पटेल आणि पॅविट यांचा १९९७ चा लेख माझ्या मते प्रल्हाद-हॅमेलपेक्षा कितीतरी जास्त मोलाचा आहे, कारण त्यांनी शेकडो मोठ्या कंपन्यांची पेटंटं तपासून दाखवलं की कंपन्यांची तांत्रिक क्षमता एका गाभ्यात नसते, ती पसरलेली असते. कंपनी जितक्या प्रकारचा माल करते त्याहून जास्त प्रकारचं तंत्रज्ञान तिला ठेवावं लागतं. मिलला रसायन कळावं लागतं, वीज कळावी लागते, पाणी शुद्ध करणं कळावं लागतं, आणि रोपवाटिकाही. बल्लारपूर समूहाने शेतकऱ्यांकडून निलगिरी-सुबाभूळ लावून घ्यायला बिल्ट ट्री टेक नावाची वेगळी कंपनी काढली होती ती याच कारणाने. इथे पॅविट मंडळी अचूक आहेत. ब्रेस्की, लिस्सोनी आणि मालेर्बा यांनी २००३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: एकाच पेटंटवर दोन तंत्रक्षेत्रांचे क्रमांक किती वेळा सोबत येतात त्यावरून त्या क्षेत्रांची जवळीक मोजली, आणि कंपन्या जवळच्या क्षेत्रांतच पाय पसरतात असं दाखवलं.

काम नेटकं आहे. पण सिलिकाचा थर कधी खरवडायचा याचं पेटंट कोणी घेत नाही. या पट्ट्यातल्या कारखान्यांची बहुतेक क्षमता अशीच, शिफ्टच्या वहीत आणि माणसांच्या हातात. पेटंटच्या चाळणीत ती शून्य दिसते, आणि शून्य दिसलं की अहवाल लिहिणारा लिहून मोकळा होतो की इथे तांत्रिक क्षमता नाही, बाहेरून आणा.

तिसरा मार्ग टीस, रुमेल्ट, डोसी आणि विंटर यांचा, १९९४ चा. त्यांचं म्हणणं: दोन धंदे वारंवार एकाच कंपनीत एकत्र दिसत असतील, तर त्यांच्यात काहीतरी नातं असणार, नाहीतर स्पर्धेत ती जोडी टिकली नसती. एकत्र नांदतात म्हणजे नातेवाईक. अमेरिकेच्या बाजारात हे चालून जाईल. आपल्याकडे १९९१ पर्यंत कंपनीने काय करायचं हे परवान्यावर ठरायचं. एकत्र नांदत होते ते कधी कधी दिल्लीत एकाच टेबलावर फाइल होती म्हणून.

हा प्रश्न जुना झाला असं वाटत असेल तर लोखंडाकडे बघा. लॉइड्स मेटल्सचा घुग्घुसला कोळशावर चालणारा स्पंज आयर्नचा कारखाना आहे. फिरत्या भट्टीत लोहखनिज आणि कोळसा, साधारण हजार अंशांवर. भट्टीतून निघणाऱ्या गरम वायूवर बॉयलर लावून वीज करतात. हे मला प्रामाणिक सामायिक-क्षमतेचं उदाहरण वाटतं: भट्टी नीट चालवता आली तरच वायूची उष्णता स्थिर राहते, आणि तरच वीज. एका कौशल्यावर दोन उत्पादनं. पण याच कंपनीला २००७ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला सुमारे ३४८ हेक्टरची खाणपट्टी मिळाली, आणि आज तिचा विस्तार त्या डोंगरावर उभा आहे: खनिज, मग हेडरीला ते दळून पाण्यात मिसळून सुमारे ८५ किलोमीटर पाइपातून कोनसरीला, तिथे पेलेट. दळणं, पंप करणं, पेलेट भाजणं या नव्या विद्या आहेत, त्या शिकाव्या लागल्या असणार, त्याचं श्रेय नाकारायचं कारण नाही. पण साखळी ज्याने एकत्र धरली आहे ते भट्टीचं ज्ञान नाही. ती खाणपट्टी आहे. टीस यांच्या पद्धतीने मोजलं तर घुग्घुसची वीज आणि सुरजागडची खाण दोन्ही 'संबंधित' म्हणून एकाच रकान्यात पडतील. आणि आपल्याला नेमका हाच फरक हवाय! ज्ञानावर उभा असलेला धंदा खाण संपल्यावर दुसरीकडे वळू शकतो. पट्ट्यावर उभा असलेला वळू शकत नाही. कोनसरीजवळच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या पोरापोरींसाठी हा सैद्धांतिक प्रश्न नाही.

या सगळ्यांत मला आधार वाटतो तो जुन्या एडिथ पेनरोजचा. १९५९ च्या पुस्तकात तिने एक साधा भेद केला: कंपनीकडे असलेलं साधन वेगळं, आणि त्या साधनातून कंपनी काढू शकते ती सेवा वेगळी. सेवा काढणं माणसांच्या अनुभवावर अवलंबून. या भेदात कंत्राट हे साधन ठरतं आणि बांबू शिजवणं ही सेवा, गोंधळ उरत नाही. गंमत म्हणजे तिने ज्या कंपनीचा बारकाईने अभ्यास केला ती हर्क्युलस पावडर कंपनी, १९१२ मध्ये ड्यू पॉन्टची स्फोटकांची मक्तेदारी कोर्टाने फोडल्यावर जन्मलेली. स्फोटकांसाठी कापसाच्या सेल्युलोजवर प्रक्रिया करता करता ती कंपनी रंग-लॅकरच्या, मग पाइनच्या बुंध्यांपासून राळ काढायच्या, मग कागदाला लागणाऱ्या रसायनांच्या धंद्यात शिरली. लगदा आणि बंदुकीची दारू, दोन्हीच्या मुळाशी सेल्युलोजच. पुस्तक लांबलं म्हणून हे प्रकरण गाळलं गेलं आणि १९६० मध्ये स्वतंत्र लेख म्हणून आलं. वेळ असेल तर प्रल्हाद-हॅमेल सोडा आणि हे वाचा.

पण पेनरोजमध्येही एक उणीव आहे. साधन कंपनीचं आहे हे ती धरूनच चालते. बांबू कोणाचा, हा प्रश्न तिला पडत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला 'वृक्ष' ठरवलं होतं, ते २०१७ मध्ये बदललं. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज म्हणून गावाचा केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. त्या दिवशी पेपर मिलच्या झाडाचं एक मूळ कायद्याने दुसऱ्याच्या अंगणात गेलं. क्षमतेचा कोणताही सिद्धांत ही घटना पकडू शकत नाही, कारण मिलच्या आत काहीच बदललं नव्हतं.

आणि गावाच्या बाजूने बघितलं तर कसोट्या भलत्याच ठिकाणी लागू पडतात. बुरडाचं काम बघा. हिरवा बांबू उभा चिरून, गाठी चुकवून, सारख्या जाडीच्या कामट्या काढणं, हे एक कौशल्य. त्यावर सूप, टोपली, परडी, तट्टा, धान्याची ढोली. हवं तर अगरबत्तीची काडी. प्रल्हाद-हॅमेल यांच्या तिन्ही अटी इथे परवान्याशिवाय, फक्त हाताच्या जोरावर पूर्ण होतात. पण एकाही अहवालात याला 'तांत्रिक क्षमता' म्हटलेलं मी वाचलेलं नाही, त्याचं नाव तिथे 'पारंपरिक व्यवसाय'. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं, चांगलं झालं. तिथल्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा बुरडाकडून घ्यावा, एवढीच माझी सूचना.

माझ्या प्रबंधात मी पेटंट सोडून दिली आहेत. त्याऐवजी प्रत्येक उत्पादनाची प्रक्रिया पायरी पायरीने लिहून काढतो, आणि प्रत्येक पायरीपुढे तीन प्रश्न: यंत्र तेच आहे का, माणसाचा निर्णय तोच आहे का, आणि कच्च्या मालावरचा हक्क कोणाचा. कागद आणि रेयॉन पहिल्या रकान्यात जुळतात, दुसऱ्यात फिसकटतात. वीज आणि स्पंज आयर्न दोन्हीत जुळतात. पद्धत कष्टाची आहे आणि शेकडो कंपन्यांवर चालवता येणार नाही, हा तिच्यावरचा रास्त आक्षेप. माझ्या गाईडनी तो घेतलाच आहे.

दुसरा रकाना भरायला मात्र मला तुमची मदत लागेल. तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरात कोणी बल्लारपूरला किंवा आष्टीला डायजेस्टरवर, रिकव्हरीत काम केलं असेल, तर मला एकच गोष्ट हवी आहे: बांबूच्या जागी सुबाभूळ आणि निलगिरी यायला लागली तेव्हा शिजवण्याच्या वेळेत आणि नळ्या साफ करण्यात नेमकं काय बदललं, आणि ते कोणी कोणाला शिकवलं. वहीतलं पान असेल तर उत्तमच, आठवण असेल तरी चालेल.